बैलकाळजाचं बी आणि टाक्यांचा वाडगा

मी एक जुना वाडगा आहे. निळ्या अंगावर पांढरी कापसाची बोंडं, काठाचा सोनेरी रंग केव्हाच झिजलेला, आणि पोटावर आडव्या पितळी टाक्यांची एक रांग. रेशमासाठी नावाजलेल्या मर्गिलान गावातल्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे मला पाहुण्यांपुढे कोणी मांडत नाही. तडा गेलेलं भांडं पुढे ठेवणं म्हणजे आमच्याकडे पाहुण्याचा अपमान. म्हणून माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे असतो.

पण मित्रांनो, मला मान नाही म्हणून रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला सांगायचं आहे ते सनोबरबद्दल. ही या घरची सून. तिनं एक गोष्ट लपवली आणि त्या लपवण्यानं ती आतल्या आत किती झिजली ते मी फळीवरून रोज पाहिलं. मला जीभ असती तर तिचे ते दिवस थोडे तरी कमी केले असते.

माझ्या जन्माबद्दल मिरवण्यासारखं काही नाही. एका मोठ्या कारखान्याच्या भट्टीतून माझ्यासारखेच पुष्कळ वाडगे बाहेर पडले, त्यातला मी एक. इनोबातनं तिच्या लग्नाच्या वर्षी मला बाजारातून आणलं. तेव्हा ती रेशमाच्या गिरणीत कामाला होती. तिची नजर इतकी तीक्ष्ण की धाग्यातली गाठ तिला हातभर अंतरावरून दिसायची. आणि आमच्या भिंतीपलीकडे वार्वारा राहायची.

वार्वारा रशियन बाई. तिचा देव वेगळा, सणवार वेगळे, पण भिंत एकच होती. इनोबातनं पुलाव केला की पहिला वाटा माझ्यातून पलीकडे जायचा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत वार्वाराही पाळायची. कधी चेरी, कधी खारवलेल्या काकड्या, कधी दुधाची साय, काही ना काही घेऊनच मी परत यायचो. इनोबातचा नवरा म्हणायचा, "या वाडग्याला आता पगार सुरू करा. घरात सगळ्यात जास्त तोच चालतो."

मग जुना मोठा देश मोडला, आमचा वेगळा झाला आणि रशियन माणसं परत जाऊ लागली. वार्वाराच्या मुलांनी तिला दूर उत्तरेला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी ती मला परत द्यायला आली तेव्हा माझ्यात कागदाची एक लहानशी पुडी होती.

"पलंग विकला, कपाट विकलं, शिवणयंत्रसुद्धा विकलं," ती म्हणाली. "हे विकवेना. बैलकाळजाचं बी आहे, माझ्या आईचं. इनोबात, झाडावरचं सगळ्यात देखणं फळ खायचं नाही हं. जिभेला कितीही पाणी सुटू दे, ते बियाला ठेवायचं."

"तू परत येशील तेव्हा त्यातलाच एक कापून घालीन तुला," इनोबात म्हणाली.

वार्वारा परत आली नाही. टोमॅटो मात्र आला.

असा टोमॅटो तुम्ही पाहिला नसेल. आकार खरोखरच बैलाच्या काळजाचा, वर रुंद आणि खाली निमुळता. वजन असं की एका हाताला पेलू नये. बाहेरून जर्दाळूसारखा पिवळा, आणि टोकाकडून लाली वर चढत गेलेली. कापला की पिवळ्या गराच्या मधोमध तांबडी ज्वाळा दिसायची. सगळा गरच गर, बी अगदी मोजकं, कुठेतरी कोपऱ्यात दडून बसलेलं. झाडाचं रूप मात्र रडकं. पानं बारीक आणि कायम मान टाकलेली. पाटाचं पाणी सरीतून आळ्यापर्यंत येऊन पोहोचलं तरी हे आपलं खाली बघत उभं. नवखा माणूस त्याची दया येऊन पाणी घालत सुटतो आणि मुळं कुजवतो.

इनोबातला त्याची खोड माहीत होती. ती त्याच्या बगलफुटी खुडायची, काठ्यांना बांधायची आणि दर उन्हाळ्यात एका फळाला लग्नातल्या रेशमी कापडाची फीत बांधायची. फीत बांधलेल्या फळाला घरात कोणी हात लावायचा नाही.

सनोबर या घरात आली ती इनोबातच्या मुलाची, बोतिरची बायको म्हणून. नव्या नवरीनं सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडायचं, येईल त्याला वाकून सलाम करायचा, चहा द्यायचा. पोरीची त्या दिवसांत नुसती धांदल उडालेली असे. अशाच एका सकाळी मी तिच्या हातातून निसटलो, पाटाच्या कडेच्या दगडावर आपटलो आणि माझे दोन तुकडे झाले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तुकडे ओढणीत गुंडाळले आणि तंदूरच्या राखेत पुरून टाकले.

राख काढताना ते इनोबातच्या हाताला लागले.

"केलिन!" तिनं हाक मारली. आमच्याकडे सुनेला असंच हाक मारतात. "हे काय पेरून ठेवलंयस राखेत? वाडग्याचं झाड येणार आहे का?"

सनोबर रडायलाच लागली. "ओयी, माफ करा." ओयी म्हणजे आई. "तुमचा आवडता होता. मला वाटलं, तुम्ही मला माहेरी धाडाल."

"वाडग्यापायी सून परत धाडू? एवढी का मी वेडी आहे? फुटलं ते फुटलं. माझ्या हातून काय कमी फुटलं? पण पुरलंस कशाला? मी उगाच शेजारच्या पोरांना बोलले त्यावरून. आता त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ? एक लक्षात ठेव, मला लपवलेलं खपत नाही."

बाजारात तेव्हा एक म्हातारा चिनी मातीची भांडी सांधून द्यायचा. त्यानं माझ्या दोन्ही तुकड्यांना बारीक भोकं पाडली, भेगेत चुना आणि अंड्यातला पांढरा भाग कालवून भरला, आणि बाहेरून पितळेचे टाके ठोकले. "टाके दिसणार हं, बाई," तो म्हणाला. इनोबात म्हणाली, "दिसू देत. धरले म्हणजे झालं."

त्या दिवसापासून मी पाहुण्यांपुढून उठलो आणि बियाचा वाडगा झालो. उन्हाळा सरता सरता इनोबात फितीचं फळ माझ्यावर धरून कापायची. गरासकट बी माझ्यात पडायचं, वरून थोडं पाणी, आणि मग मला सावलीत ठेवून द्यायची. काही दिवसांनी माझ्या तोंडावर पांढरी साय धरायची आणि असा आंबूस वास सुटायचा की बोतिर नाक दाबून बाहेर जेवायला बसायचा. मग ती वरचं पाणी ओतून द्यायची. चांगलं बी तळाशी राहायचं. ते धुऊन फडक्यावर वाळलं की ती मला राखेनं लख्ख घासायची आणि फळीवर ठेवायची. हेच माझं काम, आणि ते मला आवडायचं.

वर्षं गेली. इनोबातचा नवरा गेला. वार्वाराच्या घरात कुम्री नावाची बाई राहायला आली. सनोबरची मुलगी मुनिसा लग्नाची झाली. आणि इनोबातच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पुढे पुढे तिला सगळंच धुकट, पिवळट दिसायला लागलं. टोमॅटोचे दोन रंग तिला वेगळे दिसेनासे झाले. ती फळ बोटांनी चाचपून, टोक कुरवाळून फितीसाठी निवडायची.

आता त्या वाईट वर्षाकडे येतो. जर्दाळू फुलून गेल्यावर अवेळी गोठवणारं दहिवर पडलं आणि रोपं काळी पडली. इनोबातनं राखून ठेवलेलं सगळं बी पुन्हा पेरलं. ती रोपं गुडघ्याएवढी झाली तोच गारा पडल्या. वाचलं ते एक झाड, तेही शेंडा मोडलेलं. त्याला एकच फळ धरलं. पुढे उन्हाच्या तडाख्यात फूल टिकेना. त्या एका फळात वार्वाराच्या आईपासूनचं सगळं बी होतं, दुसरीकडे कुठे दाणा उरलेला नव्हता.

तेवढ्यात अंदिजानला राहणाऱ्या लेकीनं आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं ठरवलं. निघताना इनोबातनं आपल्या हातानं फळाला फीत बांधली.

"केलिन, मी येईपर्यंत याला झाडावरच राहू दे. डोळे उघडले की सगळ्यात आधी हा कापून बघायचाय मला. आतली लाली बघून किती वर्षं झाली गं."

"तुम्ही निर्धास्त जा, ओयी," सनोबर म्हणाली. "माझा जीव गेला तरी हात लावणार नाही."

असलं काही बोलू नये माणसानं.

इनोबात गेली आणि दोन दिवसांनी मुनिसाला बघायला बायका आल्या. त्यांच्यात मोठी होती मुलाची मावशी, रोहत खाला. तिचा शब्द त्या घरात शेवटचा, आणि मुनिसाला तो मुलगा मनापासून आवडला होता. सनोबरनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चांगले वाडगे, चांगल्या बशा, सगळं ओसरीवर मांडून झालं होतं. रोहत खाला हात धुवायला पाटाकडे गेली आणि तिथेच थांबली.

"अगंबाई! हे काय फळ आहे!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी एवढे बाग पाहिले, पण असा टोमॅटो काही पाहिला नाही. हा खाणाऱ्याचं नशीब म्हणायचं."

सनोबरचा चेहरा उतरला. पाहुण्यानं तोंडभरून वाखाणलेली वस्तू त्याच्या देखत तशीच लटकत ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. ठेवली तर घर कंजूष ठरतं, आणि कंजूष घरची मुलगी कोण करून घेणार? ती एवढंच म्हणू शकत होती की तो बियाचा आहे, सासूबाईंचा आहे. तोंडापर्यंत आलेही असतील शब्द. पण ती हसली आणि म्हणाली, "मग ते नशीब तुमचंच, खाला."

स्वयंपाकघरात आल्यावर तिला रिकामं भांडं सापडेना. सगळी चांगली भांडी ओसरीवर. तिनं मला बरणीमागून ओढलं, फळ माझ्यावर धरलं आणि आमच्या बायका कापतात तशा हातातच पातळ चकत्या कापल्या. पहिल्या चकतीत ती ज्वाळा दिसली. सनोबर थांबली. बाहेरून कोणीतरी चहा मागितला. तिनं भराभर कापून संपवलं, सगळं बशीत उलटं केलं, वर कांदा, मिरची, मीठ घातलं आणि बशी घेऊन गेली. मला नुसतं पाण्यानं हिसळलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

कोशिंबीर संपल्यावर बशीच्या तळाशी राहिलेलं आंबटगोड पाणी प्यायचा मान मोठ्या पाहुण्याचा. रोहत खालानं बशी उचलली, तोंडाला लावली आणि बियासकट शेवटचा थेंब संपवला. "वा!" ती म्हणाली. लग्न जवळजवळ ठरलं.

सनोबर पाहुण्यांना दारापर्यंत सोडून आली आणि झाडापुढे जाऊन उभी राहिली. रिकाम्या देठावर फीत हलत होती. बघणाऱ्याला पहिली दिसणार ती तीच. तिनं घाईघाईनं फीत सोडली, झाड मुळासकट उपटलं आणि भिंतीवरून कुम्रीच्या गाईपुढे टाकलं.

"सनोबर, अगं हिरवं झाड उपटलंस?" पलीकडून कुम्री ओरडली. "बरी आहेस ना?"

"कीड लागली होती," सनोबर म्हणाली.

शेजारच्याच सरीत कुम्रीनं दिलेलं पिवळ्या टोमॅटोचं एक झाड होतं. त्याला थोडं लांबट, मोठं फळ होतं. फीत तिनं त्याला बांधली. इनोबातला कुठे काय दिसतं, असं तिच्या मनात आलं असणार. सासूच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे हे ती त्या घटकेला विसरलीच, की आठवूनही विसरली, कोण जाणे.

इनोबात आली ती काळा चष्मा लावून. एका डोळ्यावर पट्टी होती. आल्या आल्या तिनं विचारलं, "आहे ना गं माझा?"

"आहे, ओयी."

त्या एका "आहे" नंतर सनोबरचं अन्न गोड लागेनासं झालं. रोज सकाळी इनोबात चाचपडत सरीपर्यंत जायची, फितीला हात लावायची आणि समाधानानं परत यायची. रोज सनोबर ओसरीवरून बघायची. तिच्या हातून शोरब्यात दोनदा मीठ पडायचं, नान तंदूरला चिकटून जळायची. एकदा ती चहा घेऊन सासूजवळ बसली. "ओयी, एक सांगायचं होतं," म्हणाली. इनोबातनं मान वळवली. "काय गं?" आणि सनोबर म्हणाली, "साखर संपलीय."

"काय झालंय तुला?" बोतिरनं विचारलं. "मुलीचं लग्न ठरतंय आणि तुझं तोंड सुतकी."

"काही नाही हो. मुनिसा जाणार म्हणून."

खोटं एकदा घरात आलं की त्याला सारखं खायला घालावं लागतं. मिठाच्या बरणीमागून मी ते रोज ऐकत होतो. माझ्याकडे तर ती बघतच नव्हती. मीठ घेताना मान फिरवून घ्यायची.

पट्टी निघाली त्या दिवशी इनोबात घरात आली ती लहान मुलासारखी. भिंतीवरचा गालिचा पाहिला, खिडकीतलं आकाश पाहिलं, कोपऱ्यातली जाळी पाहून "अरेरे, एवढी घाण!" म्हणाली. मग तिनं सनोबरचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अगं, तुझे केस पांढरे झाले! केव्हा? मला कोणी सांगितलं का नाही?" तिनं सनोबरच्या कानावरची बट मागे सारली. "माझ्या डोळ्यांपुढे तू अजून नवरीच होतीस गं."

सनोबरनं मान खाली घातली. सासूचं ते प्रेम तिला सोसवेना.

इनोबातनं फितीचं फळ स्वतः तोडून आणलं. पाट, सुरी घेतली, मला जवळ ठेवलं. फळ हातात फिरवून बघत म्हणाली, "लाली काही दिसत नाही वरून. असेल आत." आणि तिनं ते मधोमध कापलं.

आत सगळं पिवळं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रंग.

इनोबातनं एक अर्ध उचलून उजेडात धरलं. मग दुसरं. तिचा आवाज फार हळू आला. "हे माझ्याच डोळ्यांनी केलं. नुसतं चाचपून निवडत होते ना मी. कधीतरी भलत्याच फळाला फीत बांधली असणार आणि तेच बी पुढे चालवत आले. वार्वारा, तू विश्वासानं दिलंस आणि मी आंधळीनं घालवलं गं. मला माफ कर."

ती रडायला लागली. नवे डोळे, डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलेलं.

सनोबर चहाची किटली धरून दारात उभी होती. मित्रांनो, तिची सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. गप्प राहायचं, एवढंच काम. कोणाला कधीही कळलं नसतं. मी तिचे हात पाहत होतो. किटलीच्या तोंडातून चहा जमिनीवर सांडत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"ओयी, तुमचे डोळे नाहीत," ती म्हणाली. "मी आहे. तुमचा टोमॅटो मी कापला. रोहत खालानं वाखाणला म्हणून कापला. झाड उपटून गाईला घातलं. फीत मी बांधली याला."

इनोबातनं डोळे पुसले. 

"पाहुणीनं वाखाणला, तू कापलास. त्यात काय? मीही कापला असता. जिवावर आलं असतं, पण कापला असता. झाड उपटलंस, ते भीतीपोटी. तेही समजते मी. पण आत्ता? मी वार्वाराची माफी मागत होते आणि तू किटली धरून ऐकत होतीस. किती वेळ ऐकणार होतीस, केलिन?"

सनोबरनं किटली खाली ठेवली. 

त्यानंतर इनोबातनं तिच्याशी बोलणं टाकलं. आपला चहा आपण करून घ्यायची, आपली बशी आपण धुवायची. सनोबरनं पुढे केलेली नान घ्यायची, पण तिच्याकडे न बघता. कुम्री भिंतीवरून बोतिरला म्हणाली, "सासवा-सुना भांडल्या की मला इकडे ऐकू तरी येतं. तुमच्याकडे काय चाललंय? मला करमत नाही." बोतिर काय सांगणार? तो गाडी घेऊन लवकर बाहेर पडायचा आणि उशिरा यायचा.

इनोबातला आता घरातल्या धुळीचा कण न् कण दिसत होता. एका दुपारी तिनं फळी रिकामी केली, बरण्या पुसल्या, आणि मग मला हातात घेऊन उन्हात धरलं. मला वाटलं, संपलं. बी नाही तर बियाचा वाडगा काय कामाचा? तिनं माझ्या पोटावरून बोट फिरवलं. एका टाक्याच्या आतल्या बाजूला, जिथे म्हाताऱ्यानं भरलेला चुना झिजून भेग उघडी पडली होती, तिथे तिचं बोट थांबलं. तिनं मला डोळ्यांजवळ नेलं.

"सनोबर!"

इतक्या दिवसांतली ती पहिली हाक, आणि तीही नावानं. सनोबर हातचं पीठ तसंच टाकून धावत आली.

"सुई आण. आणि पांढरं फडकं. दरवर्षी मी याला राखेनं घासून ठेवते. मग हे भेगेत काय आहे?"

सनोबर वाकली. भेगेत, वाळलेल्या गरात चिकटून, काही चपट्या बिया बसल्या होत्या.

"त्या दिवशी याच्यावरच धरून कापला होता, ओयी. चांगली भांडी सगळी बाहेर होती."

"आणि नीट घासलाही नाहीस?"

"मला त्याच्याकडे बघवेना."

इनोबातच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "चोरी करायची तर नीट तरी करायची. तेही नाही जमत तुला." मग तिनं सुईचं टोक भेगेत घातलं. "धर फडकं. हलू नकोस. श्वाससुद्धा जपून घे."

दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. एकीचे केस पांढरे, दुसरीचे होत आलेले. सनोबरचे अश्रू माझ्या काठावर पडत होते आणि इनोबात म्हणत होती, "रडायचं तर तिकडे तोंड करून रड. बी भिजेल."

हिवाळ्याच्या अखेरीस ते बी खिडकीत रुजत घातलं. बरंचसं रुजलं नाही. शेवटी एक रोप वर आलं. बारीक पानं, मान खाली. कुम्री बघायला आली आणि म्हणाली, "अगं, याला पाणी घाला की, बिचारं मरायला टेकलंय." इनोबात आणि सनोबर दोघी एकदम ओरडल्या, "घालू नकोस!"

तोवर मुनिसा सासरी गेली होती. उन्हाळ्यात रोहत खाला विहीणबाई म्हणून, नव्या सुनेला बरोबर घेऊन आली. पाटावर हात धुता धुता तिची नजर वळलीच. "तोच टोमॅटो! मागच्या वर्षी खाल्ला त्याची चव अजून जिभेवर आहे माझ्या."

 फळ याही वर्षी एकच होतं, आणि त्याला फीत इनोबातनं सनोबरच्या हातानं बांधून घेतली होती. इनोबातनं चहा ढवळला. सनोबर उठली आणि तिनं छातीवर हात ठेवला.

"विहीणबाई, घर तुमचं, अंगण तुमचं. दुसरं काहीही मागा. हा देता येणार नाही."

रोहत खालाचा चेहरा पडला. मुनिसानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मग सनोबरनं तिथेच, सगळ्यांसमोर, मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं. झाड उपटलेलं, गाईला घातलेलं, फीत बदललेली, आणि सासू रडत असताना आपण किटली धरून उभे होतो तेही. 

रोहत खाला ऐकत राहिली. "म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "त्या बाईच्या आईपासूनचं बी मी बशीला तोंड लावून पिऊन टाकलं?" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "अगं, एक शब्द बोलायचास तेव्हा! मी काय टोमॅटोसाठी मुनिसा सोडणार होते?"

सनोबरही हसली, पण थोडंच. एक शब्द बोलायचास, हे ती स्वतःला वर्षभर सांगत आली होती.

फळ पुरतं पिकल्यावर इनोबातनं सुरी सनोबरच्या हातात दिली. "तू काप." तिनं माझ्यावर धरून कापलं. दोन अर्धं उघडली आणि मधोमध ती तांबडी ज्वाळा दिसली. इनोबात बघत राहिली. तिनं बोट पिवळ्यावर ठेवलं, मग तांबड्यावर, मग पुन्हा पिवळ्यावर. "वेगळे दिसतात गं," ती म्हणाली. "दोन्ही वेगळे दिसतात." सनोबर टोमॅटोकडे बघतच नव्हती. ती सासूचा चेहरा बघत होती.

बी वाळल्यावर सनोबरनं त्याच्या दोन पुड्या केल्या. "ओयी, एकाच घरात ठेवलं म्हणून माझ्या एका भीतीनं सगळं जायची वेळ आली," ती म्हणाली. "एक कुम्रीला देऊ."

"कशातून देणार?"

सनोबरनं मला उचललं. पुडी माझ्यात ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा त्या भिंतीवरून पलीकडे गेलो, वार्वाराच्या अंगणात. माझे टाके बघून कुम्री म्हणाली, "हे काय, फुटका वाडगा?" सनोबर म्हणाली, "हो, फुटकाच. माझ्या हातून फुटला होता." दुसऱ्या दिवशी कुम्रीनं मला परत केलं ते काठोकाठ दह्यानं भरून. ते भेगेतून थोडं गळत होतं, पण त्याची कोणी तक्रार केली नाही.

तर मित्रांनो, तुमच्या हातून काही फुटलं तर ते राखेत पुरू नका. दोन्ही तुकडे हातात घ्या आणि ज्याचं ते होतं त्याच्यापुढे जा. बोलणी बसतील, बसू देत. तुम्ही गप्प राहिलात तर दुसरं कोणीतरी तुमचा दोष आपल्या अंगावर घेऊन रडत बसेल, आणि तुम्ही दारात उभे राहून ते ऐकत असाल. आणि घरात माझ्यासारखं कोणी टाक्यांचं असेल तर त्याला टाकून देऊ नका. घासताना त्याच्या भेगेत एकदा नीट बघून घ्या.